पदव्यांमागचे प्रबंध : संशोधक विद्यार्थी बाबासाहेब

दरवर्षी १४ एप्रिलच्या सायंकाळी आपल्या शाळेच्या प्रांगणात बुद्धवंदना होते, आणि मग पाचवी-सहावीतला एखादा विद्यार्थी मंचावर येऊन बाबासाहेबांच्या पदव्या एका दमात म्हणून दाखवतो. बी.ए., एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ, एल्‌एल.डी., डी.लिट. टाळ्यांचा कडकडाट होतो. आम्हीही मनापासून टाळ्या वाजवतो. परंतु इतिहास शिकवण्यात उभी हयात घालवलेल्या माणसाला एक रुखरुख लागून राहते. या पदव्या कोणत्या विषयांतल्या, त्यांसाठी लिहिलेल्या प्रबंधांत काय मांडले आहे आणि त्या पदरात पडायला किती वर्षे लागली, असे विचारले तर मंचावरचाच नव्हे, मंचासमोरचा समुदायही निरुत्तर होतो. पदव्या आपल्याला पाठ आहेत. प्रबंध आपण उघडलेले नाहीत.

या रुखरुखीला गेल्या वर्षी एक निमित्त मिळाले. आपल्याच वसतिगृहात सात वर्षे राहिलेला एक माजी विद्यार्थी आम्हाला भेटायला आला. एम.कॉम. उत्तम रीतीने उत्तीर्ण होऊन त्याने व्यापारी कायदा आणि करप्रणाली या विषयात पीएच.डी.साठी नाव नोंदवले होते. घरात दहावीच्या पुढे गेलेला तो पहिलाच. आई आठवडी बाजारात भाजी विकते. मार्गदर्शकांनी दोन प्रकरणे दुरुस्तीसाठी परत पाठवली होती, शिष्यवृत्तीचे हप्ते रखडले होते, आणि चौथे वर्ष सरत आले होते. संशोधन सोडून एखाद्या करसल्लागाराच्या कार्यालयात नोकरी धरावी, असे त्याच्या मनाने जवळजवळ घेतले होते. शिवाय एक टोचणीही होती. समाजाचे प्रश्न एवढे तातडीचे असताना करांचे दर आणि कंपन्यांचे कायदे यांत आयुष्य घालवणे म्हणजे आपल्या माणसांपासून दूर जाणे तर नव्हे, असे त्याने आम्हाला विचारले.

आम्ही त्याला उपदेश केला नाही. ज्यांच्या नावाने ही शाळा चालते, त्यांच्या विद्यार्थिदशेचा हिशेब मात्र त्याच्यापुढे मांडला. तोच आज या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते, आणि मुलाचे इंग्रजी व गणित पक्के व्हावे म्हणून त्यांनी खाल्लेल्या खस्ता आपणा सर्वांना ठाऊक आहेत. १९०७ साली भीमराव मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या शब्दाखातर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली, आणि १९१२ साली अर्थशास्त्र व राज्यशास्त्र हे विषय घेऊन ते बी.ए. झाले. पुढच्याच वर्षी, २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील निवर्तले. त्याच वर्षी जूनमध्ये बडोदा संस्थानाशी करार झाला. परदेशात तीन वर्षे शिकावे आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची चाकरी करावी, अशी त्याची अट होती. जुलै १९१३ मध्ये बावीस वर्षांचा हा तरुण न्यूयॉर्कला पोहोचला आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला.

कोलंबियातील त्यांचे प्रमुख मार्गदर्शक प्राध्यापक एडविन सेलिग्मन हे करशास्त्रातले जगन्मान्य पंडित होते. प्राप्तिकरावर आणि वाढत्या दराच्या करआकारणीवर त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध होते. येथे काळाचा एक योग ध्यानात घेण्यासारखा आहे. अमेरिकेत संघराज्याला प्राप्तिकर बसवण्याचा अधिकार देणारी घटनादुरुस्ती फेब्रुवारी १९१३ मध्ये संमत झाली आणि ऑक्टोबर १९१३ मध्ये त्यानुसार कायदाही झाला. म्हणजे ज्याची ऐपत अधिक त्याने अधिक भार उचलावा, हे तत्त्व त्या देशाच्या कायद्यात उतरत होते, नेमक्या त्याच महिन्यांत बाबासाहेब या तत्त्वाच्या एका मोठ्या पुरस्कर्त्याच्या वर्गात बसत होते. तीन वर्षांत त्यांनी एकट्या अर्थशास्त्राचे २९ पाठ्यक्रम घेतले. इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांचा अभ्यास निराळाच. जॉन ड्यूई यांची व्याख्याने त्यांनी येथेच ऐकली, आणि नवल भथेना या पारशी मित्राशी जन्माची मैत्रीही येथेच जडली.

मे १९१५ मध्ये त्यांनी एम.ए.साठी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवहार या विषयावरचा लघुप्रबंध सादर केला. कंपनीचा पैसा कोठून येई, जमीनमहसूल, मीठ आणि अफू यांतून तिजोरी कशी भरे, तो पैसा कशावर खर्च होई, आणि १८५८ साली कंपनीचे राज्य संपताना तिच्या कर्जाचा बोजा भारतीय रयतेच्या माथी कसा आला, याची मांडणी त्यात आहे. भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाटणीवरचा पुढचा प्रबंध १९१६ साली तयार झाला. भारतातील जातिसंस्थेवरचा त्यांचा सुप्रसिद्ध निबंधही ९ मे १९१६ चा, म्हणजे याच दिवसांतला. एकाच टेबलावर एका बाजूला जातीची उत्पत्ती आणि दुसऱ्या बाजूला सरकारी जमाखर्चाची पुस्तके असा हा अभ्यास चालला होता. त्या दोहोंत बाबासाहेबांना विसंगती दिसली नाही. कोणाच्या हातातले काढून घेतले जाते आणि कोणाच्या ओंजळीत घातले जाते, हा प्रश्न दोन्हीकडे एकच होता.

१९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा असे दोन्ही अभ्यास त्यांनी एकदमच आरंभले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि संस्थानाने परत बोलावले. शिक्षण अर्ध्यावर टाकून निघावे लागले. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीमुळे एवढे मात्र साधले की, ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा विद्यापीठाने दिली. युद्धाचे दिवस होते. ते स्वतः ऑगस्ट १९१७ मध्ये मुंबईस सुखरूप पोहोचले, पण ज्या बोटीने त्यांची पुस्तके येत होती ती टॉर्पेडोच्या तडाख्यात बुडाली. रोजच्या जेवणाचा घास आखडून जमवलेले ते धन होते. त्याबद्दल मिळालेल्या नुकसानभरपाईतूनच बडोद्याच्या प्रवासाचा खर्च भागला.

बडोद्यात काय घडले ते सर्वांना विदित आहे. कोलंबियात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याच्या हाती शिपाई लांबून कागद टाकीत. पारशी धर्मशाळेतून त्यांना हुसकावून लावण्यात आले, गावात कोठेही थारा मिळाला नाही, आणि कमाठी बागेतल्या झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले. ते मुंबईस परतले. पोटासाठी शिकवण्या धरल्या. शेअर आणि गुंतवणुकीच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसायही त्यांनी सुरू केला, आणि सल्ला चोख असल्यामुळे आरंभी गिऱ्हाईक येऊ लागले. मात्र सल्लागार अस्पृश्य आहे असे कळताच ते येईनासे झाले. आकडे तेच होते आणि ते सांगणारी बुद्धीही तीच होती. बाजाराचे ज्ञान विटाळत नाही, पण ज्ञान देणारा विटाळतो, अशी ती बाजारपेठ होती.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात त्यांना अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. तेथेही काही सहकाऱ्यांनी प्राध्यापकांसाठीच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी शिवू नये, असा आक्षेप घेतला. त्यांच्या वर्गावर मात्र इतर महाविद्यालयांतले विद्यार्थीही येऊन बसू लागले. या नोकरीतील पगाराचा मोठा हिस्सा लंडनसाठी शिल्लक पडत होता. परळच्या चाळीत माता रमाई काटकसरीने संसार चालवीत होत्या. डोळ्यांदेखत गेलेल्या लेकरांचे दुःख गिळून ही माउली उभी राहिली. बाबासाहेबांच्या प्रत्येक प्रबंधाच्या पानावर, न दिसणाऱ्या शाईने, या माउलीचे नाव लिहिलेले आहे, असे आम्हास नेहमी वाटत आले आहे.

याच काळात साउथबरो समितीपुढे साक्ष झाली, जानेवारी १९२० मध्ये ‘मूकनायक’ निघाला, आणि माणगावची परिषद झाली. चळवळीने वेग घेतला होता. इथेच राहण्यासाठी कारणांचा तोटा नव्हता. तरीही विद्यापीठाने दिलेली चार वर्षांची मुदत त्यांनी विसरू दिली नाही. स्वतःची शिल्लक, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना यांनी उसने दिलेले ५ हजार रुपये एवढ्या बळावर जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. चळवळीसाठी शिक्षण सोडावे की शिक्षणासाठी चळवळ सोडावी, या पेचातून त्यांनी काढलेली वाट तरुणांनी समजून घेतली पाहिजे. अर्धवट ज्ञानाने समाजाचा कैवार घेता येणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

लंडनमधील दिनक्रम कठोर होता. सकाळी घरमालकिणीने दिलेली पावाची चकती आणि माशाचा तुकडा एवढी न्याहारी करून ते चालत ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय गाठीत, आणि दार बंद होईपर्यंत तेथून हलत नसत. दुपारच्या जेवणासाठी पैसाही नव्हता आणि वेळही नव्हता. रात्री खोलीवर पुन्हा वाचन. अशा परिश्रमांतून जून १९२१ मध्ये त्यांना एम.एस्सी.ची पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता ब्रिटिश भारतातील साम्राज्याच्या अर्थव्यवस्थेचे प्रांतवार विकेंद्रीकरण. १९२२ साली ग्रेज इनने त्यांना बॅरिस्टर म्हणून मान्यता दिली.

प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९२५ साली लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनसंस्थेने काढला. त्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे, आणि अर्पणपत्रिका सयाजीराव महाराजांच्या नावे आहे. विषय रुक्ष वाटतो, पण त्यातले कथासूत्र साधे आहे. १८३३ च्या कायद्याने साऱ्या देशाची तिजोरी एकाच हाती गेली. खर्च प्रांत करीत आणि पैसा मध्यवर्ती सरकार उभारी, त्यामुळे कोणालाच काटकसरीची गरज वाटेना. १८५७ च्या उठावानंतर तर तुटीचा डोंगर उभा राहिला. मग लॉर्ड मेयोच्या काळात, १८७१-७२ पासून, प्रांतांना ठरावीक रकमा नेमून दिल्या जाऊ लागल्या, १८७७-७८ पासून काही उत्पन्नाच्या बाबीच त्यांच्या हवाली झाल्या आणि १८८२-८३ पासून काही बाबींचे उत्पन्न दोन्ही सरकारे वाटून घेऊ लागली. या तिन्ही टप्प्यांची आकड्यांनिशी छाननी करून बाबासाहेब शेवटी मूळ प्रश्नावर येतात. जे सरकार करदात्यांना उत्तरदायी नाही, ते कर कसेही गोळा करील आणि शिक्षण, सार्वजनिक कामे व समाजसुधारणा यांवर हात आखडता घेईल. जमाखर्चाच्या अभ्यासातून त्यांनी लोकशाहीची गरज सिद्ध केली.

दुसरा मोठा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावरचा. १८३५ साली चांदीचा रुपया देशभर एकच नाणे झाला, १८९३ साली सरकारी टांकसाळी लोकांसाठी बंद झाल्या आणि मग सोन्याशी विनिमयाने जोडलेली चलनपद्धती रुजली. जॉन मेनार्ड केन्स यांच्यासारख्या थोर अर्थशास्त्रज्ञाने या पद्धतीची भलामण केली होती. तिशीतल्या आंबेडकरांनी ती सप्रमाण खोडून काढली. चलन किती काढावे हे सरकारच्या मर्जीवर सोडले तर भाववाढ होते, आणि भाववाढीत व्यापाऱ्याला नफा होत असला तरी मजुरी त्या वेगाने वाढत नसल्याने तो नफा वस्तुतः मजुराच्या ताटातून उचललेला असतो, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. रुपयाचा बाहेरचा भाव टिकवण्यापेक्षा त्याची देशातली खरेदीशक्ती स्थिर राहणे गरिबाला महत्त्वाचे, असे त्यांनी मांडले.

हा प्रबंध त्यांनी ऑक्टोबर १९२२ मध्ये डी.एस्सी.साठी सादर केला. मार्च १९२३ मध्ये तो परत आला. ब्रिटिश धोरणावरची टीका परीक्षकांना जहाल वाटली आणि निष्कर्ष तेच ठेवून मांडणी पुन्हा करावी असे सुचवण्यात आले, असे चरित्रकार लिहितात. त्या सुमारास ते जर्मनीतील बॉन विद्यापीठातही अभ्यासाची तजवीज करीत होते. हातचे पैसे संपले होते. लंडनमध्ये राहून दुरुस्ती करणे अशक्य झाले, तेव्हा एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईस परतले, परळच्या चाळीत बसून त्यांनी प्रबंध नव्याने लिहिला आणि ऑगस्टमध्ये लंडनला पाठवला. नोव्हेंबर १९२३ मध्ये डी.एस्सी.ची पदवी मिळाली. डिसेंबरमध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला, तो त्यांनी आपल्या आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. प्रस्तावना लिहिणाऱ्या कॅनन यांनी काही मुद्द्यांवर आपला मतभेद मोकळेपणाने नोंदवला आहे, आणि तरीही विद्यार्थ्याच्या प्रतिपादनातील ताजेपणाला दाद दिली आहे. गुरू-शिष्यांच्या नात्याचा हा नमुना आमच्या विद्यापीठांनी ध्यानात घ्यावा असाच आहे.

कोलंबियाची पीएच.डी. तर आणखी उशिरा हाती आली. छापील ग्रंथाच्या प्रती विद्यापीठात दाखल केल्यावरच पदवी देण्याचा तेथील नियम होता, आणि ग्रंथ छापायला पैसा लागतो. अखेर ८ जून १९२७ रोजी ती पदवी प्रदान झाली. १९१३ च्या जुलैत सुरू झालेला प्रवास चौदा वर्षांनी पुरा झाला. ती तारीख पुन्हा वाचावी. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले होते आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन व्हायचे होते. पीएच.डी. या दोन घटनांच्या मधोमध मिळाली.

दरम्यान उदरनिर्वाहासाठी काय चालले होते? वकिलीची सनद घेण्यापुरतेही पैसे नव्हते, तेही भथेना यांनी दिले. उच्च न्यायालयातले सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरकडे काम देण्यास नाखूश असत. तेव्हा जून १९२५ ते मार्च १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी प्रशिक्षण संस्थेत त्यांनी व्यापारी कायदा शिकवला. करार, भागीदारी, हुंडी, कंपनी असे ते विषय. ज्यांच्या शेअरबाजारातील सल्ल्याकडे मुंबईने पाठ फिरवली होती, त्यांच्याच पायाशी बसून त्या शहरातले भावी हिशेबनीस व्यापाराचे नियम शिकत होते. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून त्यांना ओळखणाऱ्या आपल्यापैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते.

आता या विद्येचा समाजाला काय उपयोग झाला, ते पाहू. १५ डिसेंबर १९२५ रोजी भारतीय चलन व अर्थव्यवहारविषयक शाही आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी असल्याने थोडे जपून बोलतो. त्या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली. त्या आयोगापुढे अधिकारवाणीने बोलणाऱ्या भारतीय अर्थशास्त्रज्ञांत बाबासाहेब होते, एवढे सत्य त्यांच्या थोरवीस पुरेसे आहे. त्यांना अतिशयोक्तीची गरज नाही.

२४ फेब्रुवारी १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी सेलिग्मन यांच्या वर्गातले तत्त्व कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधावर आणून उभे केले. प्राप्तिकर ठरावीक उत्पन्नाखालच्या माणसाला माफ असतो आणि उत्पन्नाबरोबर त्याचा दर चढतो. जमीनमहसूल मात्र एक एकरवाल्यालाही आणि शंभर एकरवाल्यालाही त्याच दराने द्यावा लागतो, पीक येवो अथवा न येवो. हा अन्याय त्यांनी सभागृहापुढे ठेवला. पुढच्याच महिन्यात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी दाखवून दिले की, सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि दारूवरील अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते. लोकांकडून घेतलेले निदान त्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी परत द्यावे, एवढीच त्यांची मागणी होती. १९३७ साली त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. १९४१ साली महार वतनी जमिनींवरील जुडी वाढवण्यात आली, तेव्हा सिन्नरच्या परिषदेत त्यांनी तिला कडाडून विरोध केला. वर्षभर गावाची पडेल ती चाकरी करणाऱ्याकडून वर वाढीव कर मागणे, हा अन्याय आपल्या आजोबा-पणजोबांनी अंगावर सोसला आहे. त्याला आकडा आणि कायदा या दोन्ही शस्त्रांनी उत्तर देणारा माणूस आपल्यातून उभा राहिला, तो या प्रबंधांच्या बळावर.

घटना समितीतही ही विद्या कामास आली. कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसवता वा वसूल करता येणार नाही, असे अनुच्छेद २६५ सांगतो. केंद्र आणि राज्ये यांच्यातील उत्पन्नाच्या वाटणीसाठी अनुच्छेद २८० नुसार वित्त आयोग नेमला जातो, आणि पहिला आयोग १९५१ साली नेमला गेला. ही कलमे अनेकांच्या विचारविनिमयातून सिद्ध झाली. मात्र त्या चर्चेला उत्तरे देणाऱ्या मसुदा समितीच्या अध्यक्षांनी केंद्र आणि प्रांतांच्या तिजोऱ्यांचा इतिहास पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ब्रिटिश म्युझियममध्ये बसून अभ्यासला होता, हे विसरता येत नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत त्यांनी आपल्या मुलांसाठी महाविद्यालये काढली, त्यांत १९५३ साली वाणिज्य व अर्थशास्त्राचे आणि १९५६ साली कायद्याचे सिद्धार्थ महाविद्यालय आले. हे दोन विषय आपल्या समाजाला परके राहू नयेत, हा त्यामागचा हेतू उघड आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपूरला लाखो अनुयायांसह बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेतली, आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

हा हिशेब ऐकून आमचा माजी विद्यार्थी बराच वेळ गप्प बसला. मग त्याने एवढेच विचारले की, बाबासाहेबांचाही प्रबंध परत आला होता हे आम्ही त्याला शाळेत असताना का सांगितले नाही. या प्रश्नाने आम्ही ओशाळलो. आम्ही त्याला बाबासाहेबांचे यश शिकवले होते. अर्ध्यावर सुटलेले शिक्षण, बुडालेली पुस्तके, उसने पैसे, पुन्हा लिहिलेली पाने हे सारे आम्ही गौरवाच्या भरात गाळून टाकले होते. परिणामी आमच्या मुलांना अडथळा आला की तो स्वतःचा नालायकपणा वाटतो. अत्त दीप भव असे आपण म्हणतो, पण दिव्यात तेल किती जळते ते सांगत नाही.

त्याची आई भाजीच्या पाटीशेजारी बसून जो साबण विकत घेते, त्यावर तीही काही ना काही कर भरत असते. तिच्याकडून किती घेतले जाते आणि तिला काय परत मिळते, हे मांडणारा अभ्यासक तिच्याच घरातून यावा, यापेक्षा समाजाच्या जवळचे काम कोणते? त्याने अद्याप प्रबंध पुरा केलेला नाही. परत आलेली दोन प्रकरणे मात्र तो नव्याने लिहीत आहे.

महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या समग्र इंग्रजी लेखन व भाषणांच्या सहाव्या खंडात हे अर्थशास्त्रीय ग्रंथ एकत्र मिळतात. माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची नम्र विनंती आहे की, पुढच्या जयंतीला आपल्या शाळेच्या ग्रंथालयातील तो खंड कपाटातून बाहेर काढावा. लहान मुलांनी पदव्या म्हणून दाखवल्यावर एखाद्या मोठ्या विद्यार्थ्याने त्यांतील एका प्रबंधाचा सारांश आपल्या शब्दांत सांगावा. त्या दिवशी आम्ही अधिक जोराने टाळ्या वाजवू.

जय भीम!